‘ते सगळे आधीच मेले होते’: ‘लॉस्ट’च्या एका गैरसमजाची पार्श्वभूमी

‘लॉस्ट’ ही विमान कोसळून एका अज्ञात बेटावर अडकलेल्या प्रवाशांची अमेरिकन मालिका. तिचा शेवटचा भाग २३ मे २०१० रोजी अमेरिकेत दाखवला गेला. तेव्हापासून या मालिकेबद्दल एक वाक्य इतक्या ठिकाणी आणि इतक्या ठामपणे बोललं जातं, की मालिका न पाहिलेल्यांनाही ते पाठ आहे: शेवटी कळतं, विमान पडलं तेव्हाच ते सगळे मेले होते. हे वाक्य चूक आहे. पण ते आभाळातून पडलेलं नाही. त्याच्यामागे सहा वर्षांचा इतिहास आहे. त्यात प्रेक्षकांचा दोष सर्वांत कमी आहे, असं माझं मत आहे.

मालिका सुरू झाली २२ सप्टेंबर २००४ रोजी. पहिला भाग साधारण १ कोटी ८६ लाख लोकांनी पाहिला. ‘हे बेट म्हणजे पर्गेटरी’ ही थिअरी त्याच सीझनमध्ये जन्मली, आणि ती सुचणं अगदी साहजिक होतं. विमानाची शेपटी हवेत तुटते, तरी माणसं खरचटण्यावर निभावतात. व्हीलचेअरवरचा प्रवासी जॉन लॉक किनाऱ्यावर उठून चालायला लागतो. कॅन्सर झालेल्या रोज या प्रवासी बाईला आपण बरे झालो असं वाटतं. कथानायक जॅकचा मेलेला बाप सूट घालून झाडीत उभा दिसतो. त्यातून प्रत्येकाच्या खात्यावर एकेक पाप: सईदने कैद्यांचे हाल केलेले, केटने बापाला मारलेलं, सॉयरने भलत्याच माणसाचा जीव घेतलेला. एवढा ऐवज समोर मांडल्यावर ‘हे लोक मेलेत आणि इथे पापं फेडताहेत’ असं कोणालाही वाटेल. लेखक-निर्मात्यांनी लगेच जाहीरपणे नकार दिला. बेट खरं आहे, माणसं जिवंत आहेत, असं ते पुढची पाच वर्षं विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले.

गुंता वाढला तो ‘पर्गेटरी’ या शब्दाने. हा शब्द मराठीत नीट उतरत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो. वसईत किंवा गोव्यात २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी दफनभूमीत गेलात, तर थडग्यांवर मेणबत्त्यांच्या रांगा दिसतात. मेलेल्या माणसाचा आत्मा स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असतो, आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेने त्याला मदत होते, ही त्यामागची कॅथलिक श्रद्धा. म्हणजे पर्गेटरी ही मेल्यानंतरची अवस्था आहे, आणि तिथे काम चालतं ते शुद्धीचं. नरक वेगळा, तिथून सुटका नाही. ‘मेल्यानंतर माणसं जिथे असतात ती कुठलीही जागा’ असा मोघम अर्थ तर या शब्दाला मुळीच नाही. पण प्रेक्षकांच्या वादात तिन्ही अर्थ एकाच शब्दाने चालत होते. त्यामुळे निर्माते ‘पर्गेटरी नाही’ म्हणाले, तेव्हा नेमकं काय नाकारलं गेलं हे प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवलं.

मालिका स्वतःही या थिअरीला खतपाणी घालत होती, हे विसरून चालणार नाही. तिसऱ्या सीझनमध्ये बाहेरून आलेली नेओमी सांगते की ते विमान सापडलं आणि त्यातलं कोणीही वाचलं नाही. (समुद्रतळाचे ते अवशेष मुद्दाम नेऊन ठेवलेले होते, हे नंतर उलगडतं.) त्याच सीझनमध्ये लॉकचा बाप म्हणतो, माझ्या गाडीला अपघात झाला आणि जाग आली ती इथे, त्याच्या हिशेबाने तो नरकात आहे. मार्च २०१० मध्ये, शेवटाला दोन महिने उरले असताना, बेटाचा जुना रहिवासी रिचर्ड सगळ्यांना सांगतो की आपण मेलोय आणि हा नरक आहे. तो चुकतोय हे त्याच भागात दिसतं, पण वाक्य कानात राहतंच. यावर कडी म्हणजे बेटावरच्या झाडीतून ऐकू येणाऱ्या कुजबुजीचा खुलासा. मेलेला प्रवासी मायकल त्याच विमानातल्या हर्लीला सांगतो, ही कुजबूज आमची, इथून पुढे जाऊ न शकणाऱ्यांची. म्हणजे बेट पर्गेटरी नाही, पण अडकलेले आत्मे तिथे आहेत. कुठलाही नकार एवढा भार पेलू शकत नाही.

नकार आणि गूढ यांची ही ओढाताण जुनी आहे. १९६७-६८ मधल्या एका ब्रिटिश मालिकेने सतरा भागांनंतर असा शेवट केला की प्रेक्षक चिडले. पुढे १९९० साली, ज्या वाहिनीने नंतर ‘लॉस्ट’ आणली त्याच वाहिनीवर ‘ट्विन पीक्स’ आली. लोरा पामरचा खून कोणी केला, यासाठी लोक व्हिडिओ कॅसेटवर भाग रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा पाहत होते. वाहिनीच्या दबावाखाली दुसऱ्या सीझनच्या मध्यावर खुनी दाखवला गेला, प्रेक्षक ओसरले आणि १९९१ मध्ये मालिका बंद पडली. उत्तर दिलं तर प्रेक्षक जातो आणि नाही दिलं तर चिडतो, एवढं त्या अनुभवातून उघड झालं होतं.

कॅसेटच्या जागी डिजिटल रेकॉर्डर आल्यावर प्रेक्षकाच्या हातात भिंग आलं. २९ मार्च २००६ च्या भागात लॉक लोखंडी दरवाजाखाली अडकतो, दिवे जातात, आणि जांभळ्या उजेडात दरवाजाच्या आतल्या बाजूवर हाताने काढलेला नकाशा काही सेकंद चमकतो. मधोमध प्रश्नचिन्ह, भोवती बेटावरच्या संशोधन केंद्रांची चिन्हं, कडेला लॅटिन वाक्यं. लोकांनी ती फ्रेम थांबवली, उजळवली, अक्षर अन् अक्षर उतरवलं, लॅटिनचा अर्थ लावला. त्या वेळेपर्यंत चाहत्यांचा स्वतःचा ऑनलाइन ज्ञानकोशही सुरू झालेला होता. तिथे थिअरीसाठी वेगळं पान असे, ज्यामुळे पडद्यावर जे दिसलं ते आणि तर्क यांची सरमिसळ होत नसे. हे काम किती काटेकोर होतं, याची कदर फार कमी झाली.

भारतीय कानाला यात आणखी एक आकर्षण होतं. बेटावरच्या वैज्ञानिक प्रकल्पाचं नाव ‘धर्मा’, त्यांच्या प्रशिक्षण फिल्मचा शेवट ‘नमस्ते’ने, आणि मालिकेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ४, ८, १५, १६, २३, ४२ या आकड्यांची बेरीज १०८. बेटावरच्या एका भूमिगत केंद्रात एक बटण दाबत राहावं लागतं, तेही दर १०८ मिनिटांनी. जपमाळेत १०८ मणी असतात हे ठाऊक असलेल्याला कर्म, पुनर्जन्म, फेरा असं सगळं दिसू लागणं ओघानेच आलं. मालिकेत ‘धर्मा’ हे एका लांबलचक इंग्रजी नावाचं आद्याक्षरी रूप आहे. आपल्या मनात त्या शब्दाचं जे वजन आहे, ते कथेने कधी पेललं नाही. आकड्यांनाही दोन वेगळी उत्तरं मिळाली. २००६ च्या उन्हाळ्यात इंटरनेटवर चालवलेल्या एका खेळात ते मानवजातीचा अंत सांगणाऱ्या समीकरणाचे घटक ठरले, तर फेब्रुवारी २०१० मध्ये गुहेच्या छतावर ते बेटाच्या राखणदारपदासाठीच्या उमेदवारांचे क्रमांक निघाले. तरी लोकांनी आकडे सोडले नाहीत. ४ जानेवारी २०११ च्या एका मोठ्या अमेरिकन लॉटरीत ४, ८, १५ आणि खास चेंडू ४२ आला, तेव्हा मालिकेत हर्लीने ज्यांवर लॉटरी जिंकली तेच आकडे लावून बसलेल्या हजारो लोकांना बहुतेक राज्यांत १५० डॉलर मिळाले.

काही गूढं मात्र थिअरीने सुटणारी नव्हतीच, कारण त्यांचं मूळ कथेबाहेर होतं. मायकलचा लहान मुलगा वॉल्ट याच्यात काहीतरी विलक्षण आहे असं सुरुवातीला ठसवलं गेलं. पण बेटावर जेमतेम काही महिने सरत होते आणि मुलगा मात्र खऱ्या वर्षांनी उंच होत होता. त्याला बाजूला करणं भाग पडलं. दुसरं कारण वेळापत्रकाचं. मालिका किती वर्षं चालणार हेच लेखकांना माहीत नव्हतं, म्हणून तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला पात्रं आठवडेच्या आठवडे पिंजऱ्यात बसून राहिली. मे २००७ मध्ये वाहिनीने शेवटाची तारीख जाहीर केली: आणखी ४८ भाग, तीन सीझन, समाप्ती २०१० मध्ये. लेखकांच्या संपामुळे सीझनमधल्या भागांचे आकडे पुढे-मागे झाले, पण मुक्काम ठरला. चालू असलेल्या यशस्वी मालिकेला तीन वर्षं आधी पूर्णविराम ठरवून देणं तेव्हा फार दुर्मिळ होतं, आणि माझ्या मते हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत शहाणा निर्णय.

आता वादग्रस्त ठरलेल्या शेवटाकडे. शेवटच्या सीझनमध्ये समांतर आयुष्य दिसतं, ज्यात विमान पडलंच नाही. शेवटच्या भागात कळतं की ते आयुष्य मृत्यूनंतरचं आहे. एकमेकांना पुन्हा भेटता यावं म्हणून या माणसांनी मिळून उभारलेली ती जागा. जॅकचा बाप त्याला चर्चमध्ये सांगतो की तुझ्या बाबतीत जे घडलं ते सगळं खरं होतं, आणि प्रत्येक जण कधी ना कधी मरतो, काही तुझ्याआधी, काही तुझ्यानंतर कितीतरी काळाने. त्याच्या मागच्या रंगीत काचेत क्रॉसबरोबर ॐ, चंद्रकोर, धर्मचक्र आणि इतर धर्मांची चिन्हं आहेत. इथे पापं फेडणं नाही. ओळख पटणं आणि सोडून देणं आहे. पिंडाला कावळा शिवेपर्यंत ताटकळलेल्या मराठी घरातल्या माणसाला ही कल्पना पर्गेटरीपेक्षा जवळची वाटेल. कोणाची काही इच्छा राहिली का, हे विचारत उभं राहणं आपण पाहिलेलं असतं.

मग बेटावर जॅक बांबूच्या बनात आडवा होतो, कुत्रा शेजारी येऊन पडतो, वरून वाचलेल्यांना घेऊन विमान जातं, डोळा मिटतो. त्यानंतर श्रेयनामावली सुरू झाली आणि तिच्यामागे रिकाम्या किनाऱ्यावरचे विमानाचे अवशेष दिसू लागले. इंजिन, पंख, वाळू. माणूस एकही नाही. पाच वर्षं नाकारलेली थिअरी ज्यांच्या मनात होती, त्यांना हा निकालच वाटला: कोणी वाचलंच नव्हतं.

गदारोळ झाल्यावर काही दिवसांतच वाहिनीने खुलासा केला. ती दृश्यं कथेचा भाग नाहीत. बातम्या सुरू होण्याआधी प्रेक्षकाला थोडं सावरायला मिळावं म्हणून ती जोडली होती. २०१४ मध्ये मालिकेला दहा वर्षं होत असताना प्रमुख लेखक-निर्मात्यांपैकी एकाने तेच पुन्हा सांगितलं: शेवटचा क्षण आणि जाहिरात यांच्यामध्ये उसंत हवी होती, किनाऱ्यावरच्या सेटचं जुनं फूटेज हाताशी होतं, आणि त्याने गोंधळ वाढला. हेतू चांगला होता यात शंका नाही. पण ज्या मालिकेने प्रेक्षकाला प्रत्येक फ्रेम पुरावा म्हणून वाचायला शिकवलं, तिने शेवटच्या फ्रेमला सजावट म्हणायचं, हे मला पटत नाही. नकाशाच्या काही सेकंदांना अर्थ असतो, तर अवशेषांच्या दृश्यांना का नसावा? प्रेक्षक वागला तो त्याच्या सहा वर्षांच्या सवयीने.

खुलासे झाले, तरी ते वाक्य टिकलं. ऑगस्ट २०१० मध्ये डीव्हीडीसोबत साधारण बारा मिनिटांचा पुरवणी भाग आला. त्यात बेटावर दिसलेल्या ध्रुवीय अस्वलांचं आणि आकाशातून पडणाऱ्या अन्नाच्या खोक्यांचं उत्तर मिळालं, आणि वॉल्टलाही परत आणलं गेलं. चर्चचा प्रश्न त्याने सोडवायचा नव्हताच, कारण त्याचं उत्तर शेवटच्या भागात आधीच दिलेलं आहे. आत जायला अजून तयार नसलेला बेन, बेटाच्या जुन्या रहिवाशांचा एकेकाळचा म्होरक्या, चर्चबाहेर बसलेला असतो. हर्ली त्याला म्हणतो, तू फार चांगला ‘नंबर टू’ होतास. बेन म्हणतो, आणि तू उत्तम ‘नंबर वन’. जॅक गेल्यानंतर या दोघांनी बेट सांभाळलं, किती वर्षं ते दाखवलेलं नाही. पण सांभाळलं, जिवंतपणी.