पीनट बटरच्या गोळ्या आणि ३२ अंशांचं गणित

पीनट बटर, लोणी आणि पिठीसाखर एकत्र मळायची, गोळ्या वळायच्या, थोडा वेळ गार करायच्या आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून काढायच्या. ओव्हन नको, पाक नको. मुलांच्या हाती सोपवावी इतकी साधी कृती. तरीही दुसऱ्या दिवशी या गोळ्यांवर पांढुरके डाग दिसतात, चॉकलेट बोटांना लागतं किंवा कवचाला बारीकशी चीर पडून तिच्यातून तेल पाझरतं. मग लोक साखर वाढवून बघतात, लोणी कमी करून बघतात. दोष बहुधा प्रमाणात नसतोच. या पदार्थाला आच लागत नसली, तरी त्यात तापमानच सगळं ठरवतं. कारण या एवढ्याशा गोळीत शेंगदाण्याचं तेल, लोणी आणि चॉकलेटमधलं कोको बटर असे तीन स्निग्ध पदार्थ एकत्र नांदत असतात आणि तिघांचे वितळण्याचे बिंदू वेगवेगळे असतात.

शेंगदाण्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग तेलाचा असतो आणि सुमारे पाव भाग प्रथिनांचा. दाण्यातलं तेल मोकळं नसतं. पेशींच्या आत ते एक-दोन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंबांत साठवलेलं असतं आणि प्रत्येक थेंबाभोवती फॉस्फोलिपिड या स्निग्धाचं आणि ओलिओसिन नावाच्या प्रथिनाचं पातळ आवरण असतं. भाजलेले दाणे मिक्सरमध्ये फिरवत राहा. आधी कूट होतं, मग भांड्याच्या कडांना चिकटणारा घट्ट गोळा होतो आणि थोडा धीर धरला तर तोच गोळा सैल पडून वाहू लागतो. पेशींच्या भिंती आणि थेंबांची आवरणं फुटून तेल बाहेर आलेलं असतं. बाहेरून काहीही न घालता कोरड्या दाण्यांचा असा ओघळता लगदा होतो, हे मला प्रत्येक वेळी बघत राहावंसं वाटतं.

म्हणजे पीनट बटर हे तेलात तरंगणाऱ्या प्रथिनांच्या आणि पिष्टाच्या कणांचं मिश्रण. बरणी ठेवून दिली की कण तळाला बसतात आणि तेल वर येतं. अमेरिकेत जोसेफ रोझफिल्ड यांनी १९२० च्या दशकात यावर उपाय आणला. त्यांनी शेंगदाण्याच्या तेलाचं अंशतः हायड्रोजनीकरण केलं, म्हणजे त्यातला काही भाग खोलीच्या तापमानाला घट्ट राहील असा बदलला. त्या घट्ट भागाचे बारीक स्फटिक उरलेलं तेल धरून ठेवतात. आज बाजारात मिळणाऱ्या तेल वेगळं न होणाऱ्या पीनट बटरमागे तेच तत्त्व आहे. या गोळ्यांसाठी असंच पीनट बटर घेतलेलं बरं. नुसत्या दाण्यांचं घ्यायचं असेल, तर वर आलेलं तेल आधी तळापर्यंत नीट ढवळून मिसळा. ते राहून गेलं तर बरणीच्या वरच्या भागाची गोळी गळकी होते आणि तळातली भुसभुशीत.

चवीचं श्रेय मात्र आचेलाच द्यावं लागतं. आपण घरी काही भाजत नाही, कारण ते काम आधीच उरकलेलं असतं. दाणे भाजताना त्यातली अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यात जी अभिक्रिया होते, तिचं वर्णन लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं. तिच्यातून तयार होणारी पायराझिन वर्गातली संयुगं म्हणजेच भाजक्या दाण्याचा ओळखीचा वास. कोकोच्या बियाही भाजलेल्याच असतात. म्हणून हे दोन वास एकमेकांना इतके धरून असतात.

आता साखर. साखर तेलात विरघळत नाही. ती फक्त तेलाने माखली जाते, आणि किती तेल माखून घेता येईल हे कणांच्या पृष्ठभागावर ठरतं. अर्ध्या मिलिमीटरचा दाणा दळून त्याचे २० मायक्रॉनचे कण केले, तर तेवढ्याच वजनाच्या साखरेचा पृष्ठभाग २५ पट होतो. त्यामुळे पिठीसाखरेने मिश्रण आळतं आणि साध्या साखरेने ते सैल आणि रवाळ राहतं. जिभेला साधारण ३० मायक्रॉनपेक्षा मोठे कण जाणवू लागतात, म्हणून घरी दळलेली साखर बारीक चाळणीतून काढून घ्यावी.

प्रमाण असं: २५० ग्रॅम पीनट बटर, ७५ ग्रॅम मऊ लोणी, २४० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, आवडत असेल तर व्हॅनिला. मीठ टाळू नका. त्याने कडवटपणा दबतो आणि गोडी उठून दिसते. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असतं, म्हणजे या मिश्रणात साधारण १२ ग्रॅम. खोलीच्या तापमानाला पाण्यात त्याच्या दुप्पट वजनाची साखर विरघळते. तेव्हा २४० पैकी जेमतेम २४ ग्रॅम साखर विरघळेल आणि बाकीची कणांच्याच रूपात राहील. तो थोडासा चिकट द्राव कणांना एकमेकांशी जोडून ठेवतो. मळताना हाताला कळतं, आधी भुरभुरीत वाटणारं मिश्रण हळूहळू एकसंध होत जातं.

इथे एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. इतक्या कमी पाण्यात जिवाणू सहसा वाढत नाहीत, पण सगळे मरतात असं नाही. साल्मोनेला पीनट बटरमध्ये महिनोन्‌महिने तग धरू शकतो. २००८-०९ मध्ये अमेरिकेत दूषित पीनट बटर आणि त्यापासून केलेल्या पदार्थांमुळे ७०० हून अधिक लोक आजारी पडले होते. आपल्या कृतीत जंतू मारणारी उष्णता कुठेच नाही. म्हणून हात आणि भांडी स्वच्छ आणि कोरडी हवीत. मिश्रण सैल झालं म्हणून त्यात कच्चं पीठ तर मुळीच घालू नका, कच्च्या पिठातही असे जंतू असू शकतात. थोडी पिठीसाखर वाढवा किंवा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

साधारण १५ ग्रॅमची एक अशा सदतीसेक गोळ्या होतात. त्या अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि बुडवायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा. फ्रीझरमधून काढलेली कडक गोळी हाताळायला सोपी जाते खरी, पण थंडीने ती आकसलेली असते. तिच्यावरचं चॉकलेट घट्ट होतं, मग आतली गोळी खोलीच्या तापमानाला येताना फुगते आणि कवच तडकतं. तेल पाझरणारी चीर येते ती बहुतेक वेळा इथूनच.

आणि आता कोको बटर, या सगळ्यातला सर्वांत हट्टी आणि सर्वांत सुंदर घटक. त्याचे रेणू घट्ट होताना सहा वेगवेगळ्या प्रकारे रचले जाऊ शकतात. विले आणि लटन या संशोधकांनी १९६६ मध्ये हे सहा प्रकार आणि त्यांचे वितळणबिंदू मांडले. पहिला १७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, दुसरा २३ ला, तिसरा २५.५ ला, चौथा २७ च्या थोडा वर, पाचवा ३४ च्या जवळ आणि सहावा ३६ ला. आपल्याला हवा असतो पाचवा. त्यात रेणू दाटीने बसतात, त्यामुळे चॉकलेटला चकाकी येते, तोडताना टक्‌ असा आवाज येतो, आणि हातात घट्ट राहणारा तुकडा तोंडात विरघळतो. वितळताना तो तोंडातली उष्णता शोषतो, म्हणून जिभेला किंचित गारही वाटतं.

चॉकलेट नुसतं वितळवून आपापलं गार होऊ दिलं, तर चौथा आणि त्याखालचे प्रकार आधी तयार होतात, कारण ते जमायला सोपे असतात. पण ते टिकत नाहीत. काही तासांत किंवा दिवसांत ते अधिक स्थिर रचनेकडे सरकतात, पृष्ठभागावर मोठे स्फटिक वाढतात आणि त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो. तेच ते पांढुरके डाग. ती बुरशी नव्हे. गोळी खायला चालते, फक्त तिचा दिमाख गेलेला असतो.

उपाय त्या आकड्यांमध्येच आहे. ३२ अंश ही एक चाळण समजा. या तापमानाला चौथ्यापर्यंतचे सगळे प्रकार वितळून जातात आणि पाचवा टिकून राहतो. तेव्हा २५० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरा आणि त्यातला एक तृतीयांश भाग बाजूला ठेवा. उरलेलं गरम पाण्यावरच्या भांड्यात ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवा, म्हणजे जुने सगळे स्फटिक नाहीसे होतील. आचेवरून उतरवून राखून ठेवलेले तुकडे थोडे थोडे घाला आणि ढवळत राहा. या तुकड्यांत कारखान्यातच घडवलेले पाचव्या प्रकारचे स्फटिक असतात आणि त्यांच्या आधाराने नवे स्फटिक त्याच साच्यात वाढतात. पारा ३२ ते ३१ च्या दरम्यान आला की चॉकलेट तयार. मिल्क चॉकलेटमध्ये दुधाचं स्निग्ध असतं, म्हणून त्याला २९ ते ३० अंश पुरतात. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. गार खोलीत पाचेक मिनिटांत ते चकचकीत घट्ट झालं, तर काम जमलं. स्वयंपाकघरात एकच उपकरण घ्यायचं ठरवलंत, तर मी अचूक थर्मामीटर घ्या म्हणेन.

वाफेपासून मात्र जपा. पाण्याचे दोन थेंब पडले तरी चॉकलेटमधले साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि वाहतं चॉकलेट पाहता पाहता खरबरीत गोळा बनतं. असं बिघडलेलं चॉकलेट कवचाला लागू पडत नाही, पण भरपूर गरम दूध घालून त्याचा सॉस होतो, तेव्हा फेकू नका.

बुडवताना गोळी काट्यावर घ्या, पूर्ण बुडवा, उचला आणि काटा भांड्याच्या काठावर हलकेच आपटा. चॉकलेट पाण्यासारखं आपोआप निथळत नाही. ठरावीक जोर लागल्याशिवाय ते हलतच नाही, आणि तो जोर या आपटण्यातून मिळतो. जादा चॉकलेट ओघळून गेलं की काट्याचा तळ काठाला पुसून गोळी बटर पेपरवर सरकवा. आता कवच घट्ट होताना स्फटिक स्वतःच उष्णता बाहेर टाकतात. खोली उबदार असेल तर ती तिथेच कोंडून राहते, म्हणून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवणं चांगलं.

अनेक कृतींमध्ये चॉकलेट पातळ करायला खोबरेल तेल घालायला सांगतात. ते घातलं की बुडवणं सोपं होतं, हे खरं. पण खोबरेल तेल २४-२५ अंशांना वितळतं आणि कोको बटरच्या स्फटिकांशी त्याची रचना जुळत नाही. कवच मऊ पडतं आणि बोटांच्या उबेनेही डागाळतं. गोळ्या फ्रीजमधून काढून लगेच खायच्या असतील तर ठीक, एरवी मला ही पळवाट पटत नाही.

सगळं नीट जमलं तरी एक गोष्ट थांबवता येत नाही. आतलं शेंगदाण्याचं तेल द्रवरूप असतं आणि ते हळूहळू कवचात झिरपतं. तिथे ते थोडं कोको बटर विरघळवतं, त्यामुळे कवच नरम होतं आणि काही आठवड्यांनी पृष्ठभागावर पुन्हा पांढुरकेपणा येतो. थंडीत हा प्रवास मंदावतो, म्हणून गोळ्या हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये ठेवा आणि दोनेक आठवड्यांत संपवा. कुणाला देणार असाल, तर आत शेंगदाणा आहे हे डब्यावर ठळक लिहा. शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते आणि बाहेरून तर नुसतं चॉकलेट दिसतं. डबा फ्रीजमधून काढल्यावर लगेच उघडू नका. थंड कवचावर हवेतली वाफ थेंबांच्या रूपात जमते, साखर त्यात विरघळते आणि पाणी उडून गेल्यावर खरखरीत पांढरा थर मागे राहतो. बंद डबा अर्धा तास तसाच बाहेर राहू द्या आणि मग झाकण काढा.