पुराच्या पलीकडची प्रत

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिला जाणारा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ठणठणीत चालणारे कितीतरी कॉम्प्युटर अचानक जुने ठरले. तुमच्याकडे असा एखादा असेल, तर तो भंगारात देऊ नका. ६४ बिटचा प्रोसेसर, २ जीबी रॅम, एक नवी हार्ड डिस्क आणि ओपनमीडियाव्हॉल्ट हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एवढ्यावर घरातल्या सगळ्या मोबाइल-लॅपटॉपचा बॅकअप ठेवणारा सर्व्हर उभा राहतो. कॉम्प्युटर जुना चालेल, डिस्क मात्र नवीच घ्या.

इथपर्यंत बरेच जण येतात आणि मग एका गैरसमजापाशी थांबतात: सर्व्हरमध्ये दोन डिस्क लावल्या, एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर ठेवली, म्हणजे बॅकअप झाला. तसं होत नाही. ही जोडी फक्त एक डिस्क बंद पडली तर वाचवते. चुकून फाइल पुसली, तर ती दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते. आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तसं पाणी आलं तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात बुडतात. साध्या हार्ड डिस्कला हवेचा दाब सारखा राखायला एक बारीक छिद्र असतं. तिथून गढूळ पाणी आत जातं, आणि आतली वाचक-सुई तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. अशी डिस्क तांदळाच्या डब्यात ठेवली की बरी होते, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. तांदूळ आतला गाळ काढत नाही, क्षारही नाही.

म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या गावात हवी. चिपळूणच्या दुकानाची प्रत देवरुखला बहिणीच्या घरी, तिथल्या जुन्या लॅपटॉपवर. यावर लगेच प्रश्न येतो: आमच्याकडे नेट किती हळू! हिशोबाची २ जीबीची फाइल २ एमबीपीएसच्या अपलोडने पाठवायला सव्वादोन तास लागतील, आणि तेही रोज.

नाही लागत. कारण आरसिंक हा फाइलींमधला फक्त फरक पाठवणारा प्रोग्रॅम. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये तो लिहिला, आणि त्यामागची युक्ती मला इतकी सुंदर वाटते की ती नीट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

कालची फाइल देवरुखला आहे, आजची चिपळूणला. फरक काढायचा, पण दोन्ही फाइली एका जागी नाहीत. देवरुखचं यंत्र आपल्या फाइलचे सारख्या मापाचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्याचा छोटा ठसा, म्हणजे त्यातल्या आकड्यांवरून (कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षर, म्हणजेच बाइट, हा एक आकडाच असतो) काढलेली एक संख्या, चिपळूणला पाठवतं. आता चिपळूणने आपल्या फाइलचे तसेच तुकडे पाडून ठसे जुळवले तर? फाइलच्या सुरुवातीला एक अक्षर वाढलं असेल, तर पुढचं सगळं एका घराने सरकलेलं असतं आणि एकही तुकडा जुळत नाही. म्हणून चिपळूणला एकेका अक्षराने सरकत प्रत्येक जागेवरचा ठसा काढावा लागतो. दोन अब्ज जागा! दर वेळी अख्खा तुकडा नव्याने मोजला तर रात्र पुरणार नाही.

इथे गणित मदतीला येतं. समजा तुकडा चार आकड्यांचा: ७, ३, ९, ४. बेरीज २३. पण ४, ९, ३, ७ ची बेरीजही २३ च, म्हणून जोडीला भारित बेरीज घेतात: ७×४ + ३×३ + ९×२ + ४×१ = ५९. उलट्या क्रमाची ५६ येते, म्हणजे क्रम ओळखला गेला. आता एक घर सरका. ७ बाहेर गेला, ६ आत आला. नवी बेरीज २३ − ७ + ६ = २२. नवी भारित बेरीज ५९ − (४×७) + २२ = ५३. सगळं पुन्हा मांडून पाहा: ३×४ + ९×३ + ४×२ + ६×१, उत्तर ५३ च. तुकडा चार आकड्यांचा असो की चाळीस हजारांचा, सरकायला तेवढ्याच तीन-चार बेरजा-वजाबाक्या. प्रत्यक्षात दोन्ही बेरजा ६५,५३६ ने भागून फक्त बाकी ठेवतात, म्हणजे ठसा ३२ बिटांतच मावतो. एवढा छोटा ठसा कधी योगायोगानेही जुळेल, म्हणून तो जुळला की मगच दुसरा, १२८ बिटांचा भक्कम ठसा तपासतात. तोही जुळला, तर चिपळूण फक्त एवढंच कळवतं: "हा तुझा अमुक क्रमांकाचा तुकडा." न जुळलेलं तेवढंच खरोखर पाठवलं जातं.

मोठ्या फाइलसाठी आरसिंक तुकड्याचं माप फाइलच्या आकाराच्या वर्गमुळाइतकं धरतो. २ जीबीला सुमारे ४५ हजार बाइटचा तुकडा, तसे सुमारे ४५ हजार तुकडे, आणि सगळे ठसे मिळून एक एमबीच्या आत. दिवसभरात फाइलमध्ये थोडीच भर पडली असेल तर काम काही मिनिटांत उरकतं. फोटो बदलत नसतात, त्यामुळे तिथे फक्त नवे फोटो जातात. झिप केलेल्या फाइलींना मात्र या युक्तीचा फारसा उपयोग नाही, कारण आत थोडं बदललं तरी पुढचे बाइट पार वेगळे होतात.

रोजची प्रत त्या दिवसाच्या तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवा. आरसिंकला तशी सूचना दिली, तर न बदललेल्या फाइली डिस्कवर पुन्हा जागा घेत नाहीत. चिपळूणला व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तरी परवाची प्रत देवरुखला शाबूत राहते. त्यासाठी फाइली ओढून घेण्याचं काम देवरुखच्या यंत्राने करावं. चिपळूणला तिथला पासवर्ड देऊच नये.

विजेचा खर्चही पाहा. २० वॅटचा लॅपटॉप महिनाभर अखंड चालला तर साधारण साडेचौदा युनिट, ६० वॅटचा डेस्कटॉप त्रेचाळीस. वीज गेली की लॅपटॉपची बॅटरी सांभाळून घेते, पण ती फुगलेली दिसली तर लगेच काढा. आणि मे महिन्यात आगोटीच्या तयारीत कौलं शाकारून झाली, लाकूडफाटा भरून झाला, की देवरुखच्या प्रतीतून गेल्या वर्षीची एखादी फाइल चिपळूणला परत आणून उघडून पाहा.