गोठ्यावरचा सोलर दिवा आषाढातला हिशोब धरून घ्या

शेतीच्या फीडरवरची (शेतपंपांसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीवरची) लाईट पाळीपाळीने येते, कधी दिवसा कधी रात्री, आणि गोठा वस्तीपासून लांब असेल तर पोल टाकायचा खर्च वेगळाच, त्यामुळे लोक सरळ मोबाईलवर '१०० वॅट सोलर लाईट' बघून ऑर्डर टाकतात. एप्रिलमध्ये तो झकास चालतो. जुलैत, जेव्हा अंधारात साप-विंचवाची खरी भीती असते, तेव्हा नऊ-साडेनऊलाच डोळे मिटतो.

बॉक्सवरचे वॅट बाजूला ठेवा आणि टेप घेऊन पॅनल मोजा. भर दुपारी निरभ्र आकाशात एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॅट ऊन पडतं आणि चांगलं पॅनल त्यातल्या २० टक्क्यांच्या आसपास वीज करतं. म्हणजे एक फूट बाय एक फूट पॅनल असेल तर फार तर १८ वॅट! १५ बाय १० सेंटीमीटरचं चिमुकलं पॅनल असेल तर जेमतेम ३. दिवसभरात पाच तासांएवढं पूर्ण ऊन मिळालं तर ते १५ वॅट-तास (वॅट गुणिले तास) झाले, ते रात्रीच्या अकरा तासांवर पसरलं की सव्वा वॅटच्या आसपास येतं, मग बॉक्सवर १०० लिहा नाहीतर ५००. म्हणूनच या दिव्यांना हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, एरवी मंद आणि कोणी आलं की फुल्ल. पण तो सेन्सर हलणारी उष्णता ओळखतो हो, आणि गोठ्यात चार म्हशी रात्रभर शेपट्या हलवत उभ्या असतात, त्यामुळे तिथे त्याचा काही उपयोग नाही, तो बाहेर फाटकाकडे तोंड करून लावा.

मग घ्यायचं काय, तर पॅनल वेगळं, बॅटरी वेगळी, दिवे वेगळे. हिशोब उलटा करायचा, दिव्यापासून पॅनलकडे. आत ५ वॅटचा एलईडी चार तास म्हणजे २० वॅट-तास, बाहेर ३ वॅटचा रात्रभर म्हणजे ३३, मोबाईल चार्जिंगला १५ धरा, झाले सत्तरच्या आसपास. वायर, कंट्रोलर (पॅनलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा डबा), बॅटरी यांच्यात जे वाया जातं ते धरून रोजचे १०० समजा. सोलापूरकडच्या मार्चमधल्या उन्हात याला २० वॅटचं पॅनल पुरतं. पण घाटमाथ्यावर किंवा कोकणात झड लागली की दिवसभर मिळून एक-दीड तासाएवढंच ऊन पॅनलला मिळतं, म्हणजे तिथे ७५ वॅटच्या खाली जाऊ नका. पॅनल जास्तीचं घेतलेलं कधी वाया जात नाही, दिवा जास्त वॅटचा घेतलेला मात्र बॅटरी पितो.

बॅटरीत तीन दिवसांचा साठा हवा. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट २० एएच (अँपिअर-तास, व्होल्टने गुणलं की वॅट-तास) घेतली तर साधारण २५६ वॅट-तास होतात, त्यातले ८० टक्के बिनधास्त वापरता येतात, म्हणजे दिव्यांच्या रोजच्या सत्तरेक वॅट-तासांना तीन दिवस पुरतात. इन्व्हर्टरची जुनी लेड-ॲसिड पडलीय घरात, तीच लावू म्हणाल तर ती निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे जवळजवळ दुप्पट मोठी लागणार. आणि तिचं खरं दुखणं पावसाळ्यातच असतं, कारण ती आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेली राहिली की आत प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि नंतर कडक ऊन पडलं तरी ती पूर्ण भरत नाही.

पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, आपल्याकडे १७ ते २० अंश कलतं बसवायचं हे बरोबरच आहे. पण पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावली दिवस (दुपारी सूर्य अगदी डोक्यावर) येतो आणि पुन्हा जुलैअखेर, या दोन्हींच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. त्यात ढग असले की उजेड सगळ्या आकाशातून सारखाच येतो. त्यामुळे जास्त उभं केलं तर पावसाळ्यात तोटाच. दहा-बारा अंश तरी ठेवा म्हणजे पावसाने धूळ आणि पक्ष्यांची घाण आपोआप निघून जाते. आणि आंब्याच्या सावलीत तर अजिबात नको! पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, एका सेलवर फांदीची सावली पडली तर सगळ्या ओळीचा करंट आवळला जातो.

दिवा पिवळसर घ्या, निळसर पांढऱ्यावर किडे जास्त येतात, किड्यांमागे पाली आणि बेडूक, आणि त्यांच्यामागे कोण येतं ते शेतकऱ्याला सांगायला नको.

शेवटचं वायरींचं. चार्ज कंट्रोलर बॅटरीच्या अगदी शेजारी, जाड वायरने जोडा. मध्ये लांब बारीक वायर असली की चार्ज होताना वायरीतच थोडं व्होल्टेज पडतं, कंट्रोलरला त्याच्या टोकाला जास्त व्होल्टेज दिसतं आणि तो अजून भरायची असलेली बॅटरी भरली असं समजून हात आखडता घेतो. पॅनलची वायर लांब चालेल, फक्त पाईपमधून न्या, उंदीर सोडत नाहीत.