योजना संपली, योजना उरल्या

कोल्हापुरात कुणालाही विचारा, गावातला रस्ता कुठून झाला? 'डीपीडीसीतून,' असे उत्तर येते. १९७४ मध्ये राज्याने जिल्ह्याजिल्ह्यात नियोजन आणि विकासाची मंडळे नेमली, त्या मंडळाचे हे इंग्रजी आद्याक्षरी नाव. राज्याने १९९८ साली कायदा करून त्याच्या जागी घटनेतली जिल्हा नियोजन समिती आणली, तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. नाव बदलले नाही याचे दुःख नाही. समितीला घटनेने दिलेले कामही जुन्या मंडळाच्या सवयीत विरून गेले, हे मात्र समजून घ्यायला हवे. शाश्वत विकासाची ध्येये गावात कशी पोहोचली आणि वाटेत काय गळाले, याची गोष्ट इथेच सुरू होते.

खरा गुंता 'योजना' या शब्दात आहे. पंचवार्षिक योजना ही योजना आणि घरकुल, नळपाणी, शौचालयाचे अनुदान हीही योजनाच. पहिलीत आधी कशाला हात घालायचा, काय मागे ठेवायचे आणि कुणाच्या वाट्याचा पैसा कुणाला द्यायचा हे ठरते. दुसरीत आधीच ठरलेल्या एका कामाला निधी मिळतो. दोन्हींना मराठीत एकच शब्द असल्यामुळे मार्च २०१७ मध्ये बारावी पंचवार्षिक योजना संपली आणि तेरावी आलीच नाही, हे गावपातळीवर फारसे कुणाला जाणवले नाही. योजना तर रोज येतच होत्या.

मागचा काळ थोडक्यात. संस्थानात १९१७ पासून प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले, राधानगरीच्या धरणाचा घाट त्याही आधी घातला गेला होता. तेव्हा जागतिक ध्येये नव्हती. १९४९ च्या विलीनीकरणानंतर जिल्हा राज्याच्या आणि देशाच्या नियोजनात आला. पाचव्या योजनेत, १९७४ पासून, किमान गरजांचा कार्यक्रम होता : पिण्याचे पाणी, प्राथमिक शिक्षण, ग्रामीण आरोग्य, रस्ते. जगाने सहस्रक विकासाची आठ ध्येये ठरवली ती २६ वर्षांनंतर. 'हे सगळे बाहेरून आले' असे प्रशिक्षणात सांगितले जाते तेव्हा मला हे आवर्जून आठवते.

दहाव्या योजनेचा काळ (२००२ ते २००७) मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. जागतिक ध्येयांची मुदत २०१५ होती. दहाव्या योजनेने स्वतःची मोजता येणारी लक्ष्ये घातली आणि अनेक बाबतींत मुदत त्याआधीची धरली. अर्भकमृत्यूदर २००७ पर्यंत हजारी ४५ आणि २०१२ पर्यंत २८ वर आणायचा होता. त्याच यादीत एक ओळ नद्यांची होती : मोठ्या प्रदूषित नद्या २००७ पर्यंत स्वच्छ करायच्या, इतर अधिसूचित पट्टे २०१२ पर्यंत. ती मुदत ज्या वर्षी संपत होती त्याच २०१२ मध्ये पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. पंचगंगा आजही देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आहे. लक्ष्य चुकले हे खरेच. पण ते योजनेत लिहिलेले होते, म्हणून चुकले असे म्हणता तरी येते.

पुढचा क्रम दुर्दैवी ठरला. १ जानेवारी २०१५ ला दिल्लीतल्या नियोजन आयोगाच्या जागी नीती आयोग ही नवी संस्था आली. तिच्याकडे राज्यांना निधी वाटण्याचा अधिकार नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जगाने शाश्वत विकासाची १७ ध्येये आणि १६९ लक्ष्ये स्वीकारली. म्हणजे ध्येयांची यादी सर्वात लांब झाली नेमकी तेव्हाच तिला सामावून घेणारी योजना मोडीत निघत होती. २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून योजनांतर्गत आणि योजनेतर खर्च हा भेदही गेला. पगार आणि देखभाल 'योजनेतर' म्हणून दुय्यम ठरत होती, शाळा बांधली जायची पण शिक्षक मिळत नव्हता, हा त्यामागचा युक्तिवाद रास्त होता. तीन वर्षांचा एक कृती आराखडा निघाला, पण पाच वर्षांची बांधिलकी परत आली नाही. तिच्या जागी एक तक्ता आला : कोणते ध्येय, कोणते खाते, कोणती योजना. चालू योजनांवर ध्येयांची लेबले लागली आणि २०१८ पासून राज्यांना गुण मिळू लागले.

गावात हेच नऊ संकल्पनांच्या रूपाने आले : जलसमृद्ध गाव, आरोग्यदायी गाव, स्वच्छ आणि हरित गाव वगैरे. ग्रामसभेने यातून संकल्प निवडायचा, आराखडा पोर्टलवर चढवायचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्याच कामांसाठी राखलेला होता. तालुक्याच्या कार्यालयात 'उद्दिष्ट' म्हटले की अजूनही यंदाच्या घरकुलांचा आकडाच समजतात.

आता नदीकाठी पाहा. वरच्या गावाने गटार बांधले, तर 'स्वच्छ आणि हरित' खाली त्याचे काम पूर्ण झाले. गटाराचे पाणी ओढ्याने पंचगंगेत गेले. खाली शिरोळ तालुक्यातल्या गावाने 'आरोग्यदायी'चा संकल्प केला आहे, त्याच्या जॅकवेलला, म्हणजे नदीतून पाणी उचलण्याच्या विहिरीला, तेच पाणी येते. दोन्ही आराखडे आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याचे प्रमाण २०३० पर्यंत निम्म्यावर आणावे, असे सहाव्या ध्येयाचे एक लक्ष्य सांगते. ते एका गावाच्या आराखड्यात मावतच नाही.

ही दोन गावे एका कागदावर आणण्याची जागा घटनेत आहे. १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीला पंचायतींचे आणि नगरपालिकांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा मसुदा करायला सांगितले आहे, त्यात पाणी आणि इतर नैसर्गिक साधनांच्या वाटपाचा स्पष्ट उल्लेख आहे. समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायचे. प्रत्यक्षात बैठकीत चर्चा होते ती वार्षिक निधी किती मंजूर, किती खर्च आणि कुणाच्या मतदारसंघात किती याची. कोल्हापूर महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली, जिल्हा परिषदेची २०२२ मध्ये, आणि निवडणुका लांबत जाऊन दोन्हीकडे काही वर्षे प्रशासक राहिले. ज्यांनी समितीत बसून वरच्या आणि खालच्या गावांचे भांडण मिटवायचे, त्या सदस्यांच्या खुर्च्या त्या काळात रिकाम्या होत्या. गावांचे संकल्प मात्र दरवर्षी पोर्टलवर चढतच होते.