दऱ्यांचा दर्या होतो तेव्हा

संगणकावर मराठी मजकूर तुटका दिसू लागला की ‘फॉन्ट खराब आहे’ असे निदान करून बहुतेक जण नवा फॉन्ट शोधू लागतात. ते कधीकधी बरोबरही ठरते. परंतु त्याच संगणकावर, त्याच फॉन्टमध्ये ब्राउझरमधील ओळ नीट दिसत असेल आणि टेक्स्ट एडिटरमध्ये तीच ओळ मोडत असेल, तर दोष त्याआधीच्या टप्प्यावर, म्हणजे एडिटर मजकुराचे तुकडे कुठे पाडतो यात, शोधायला हवा.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील चिन्हांना क्रमांक (संकेत) देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, देवनागरीच्या मूळ पट्ट्यात १२८ जागा आहेत आणि त्यांत जोडाक्षरांना स्वतंत्र जागा नाही. ‘स्थिती’ हा शब्द स, पाय मोडण्याचे चिन्ह, थ, ऱ्हस्व वेलांटी, त आणि दीर्घ वेलांटी अशा सहा संकेतांनी, उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो. पडद्यावर मात्र पहिली वेलांटी थ आणि पायमोडके चिन्ह ओलांडून थेट स च्या डावीकडे जाते. ही हलवाहलव करणारी आज्ञावली छापखान्यातील जुळाऱ्याचेच काम करते. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड यांत हे काम ‘हार्फबझ’ नावाच्या आज्ञावलीकडे असते. तिला एका वेळी जो तुकडा मिळतो, त्याच्या बाहेरचे तिला काहीच दिसत नाही. तुकडा पायमोडक्या चिन्हानंतर पडला, तर ‘स्‌थिती’ उमटते. वेलांटीच्या आधी पडला, तर बिचारी वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटून एकटी उभी राहते.

एडिटर तुकडे पाडतो ते बहुधा चांगल्या हेतूने: शब्दाचा काही भाग रंगवायचा असतो, चुकीखाली लाल रेघ ओढायची असते, किंवा एखादा संकेत चालू फॉन्टमध्ये नसल्यामुळे दुसऱ्या फॉन्टकडे पाठवायचा असतो. ईमॅक्स या जुन्या एडिटरने २०२० मधील २७व्या आवृत्तीत हार्फबझ स्वीकारले, तरीही कोणते संकेत एकत्र पाठवायचे याचे नमुने ईमॅक्समध्येच लिहिलेले असतात. तो नमुना अपुरा असेल, तर पुढची आज्ञावली कितीही हुशार असली तरी तिचा इलाज चालत नाही.

(देवनागरी ‘शास्त्रशुद्ध’ असल्यामुळे संगणकाला ती सर्वांत सोपी जाते आणि नासानेही तसे मान्य केले आहे, असे संदेश अधूनमधून फिरत असतात. त्यांचे मूळ नासाच्या एका केंद्रातील संशोधक रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ मधील एका लेखात आहे. तो लेख संस्कृत वैयाकरणांची वाक्यार्थाची मांडणी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेतील ज्ञानाची मांडणी यांविषयी होता. लिपीशी त्याचा काहीही संबंध नव्हता.)

मराठीपुरता सर्वांत चिवट दोष ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांचा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात आडवा अर्धा र. हा आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक प्रकार म्हणजे ०९३० क्रमांकाच्या साध्या र ऐवजी त्याच्या शेजारचा ०९३१ क्रमांकाचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडणे. दुसरा, जुन्या मजकुराशी सुसंगती राहावी म्हणून टिकवलेला प्रकार म्हणजे साध्या र चा पाय मोडून त्यापुढे शून्य रुंदीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, जोडक संकेत ठेवणे. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण साध्या शोधाला एकाने लिहिलेला शब्द दुसऱ्यात सापडत नाही, आणि एकच अक्षर वेगवेगळ्या संकेतांनी लिहिलेले असल्यास ते एकरूप करणाऱ्या युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही हे दोन प्रकार एक होत नाहीत.

दुसऱ्या प्रकारातील जोडक फॉन्टमध्ये नसला की काही एडिटर तेवढ्यासाठी दुसरा फॉन्ट आणतात, तुकडा तिथेच पडतो आणि ‘दर्‌या’ दिसते. यावरचा उपाय छोटा आहे: अदृश्य संकेताला स्वतःचा फॉन्ट निवडू न देता आधीच्या अक्षराचाच फॉन्ट द्यायचा, आणि रंग किंवा रेघ काहीही असो, तुकडा पूर्ण अक्षराच्या सीमेवरच पाडायचा.

काही प्रोग्रॅमरांना मात्र याहून सोपा वाटणारा उपाय सुचतो, तो म्हणजे फाइल उघडतानाच सगळे अदृश्य संकेत गाळून टाकणे. त्यानंतर पडद्यावर काहीच तुटके दिसत नाही, तक्रारही बंद होते, परंतु दुसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या कऱ्हाडचे ‘कर्हाड’ होते आणि दऱ्यांचा दर्या होतो. यांपैकी ‘कर्हाड’ शुद्धलेखन तपासणीत कदाचित सापडेल. ‘दर्या’ हा शब्द शुद्धच असल्यामुळे सापडणार नाही.