निळा पडदा, ड्रायव्हर आणि 1996 चा निर्णय

विंडोज 95 आणि 98 यांचे, बिघाड झाला की येणारे निळे पडदे आणि 2001 नंतर घरोघरी दिसू लागलेले निळे पडदे वरवर सारखे असले, तरी त्यांचे कूळ वेगळे आहे. पहिल्या प्रकारात एखादी कळ दाबून काम पुढे रेटता येत असे, निदान तसा प्रयत्न करता येत असे. दुसरा प्रकार 1993 च्या विंडोज एनटी या मुख्यतः कार्यालयांसाठी बनवलेल्या प्रणालीतून आला. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतःच्या कारभारात गंभीर विसंगती आढळताच मुद्दाम सगळे थांबवतो, कारण तसेच चालू राहिल्यास हार्ड डिस्कवरील माहिती बिघडण्याचा धोका असतो. ऑक्टोबर 2001 मध्ये विंडोज एक्सपीबरोबर हा गाभा घरगुती संगणकात आला आणि 1996 मधील एका निर्णयाचे परिणामही त्याच्याबरोबर आले.

एनटीच्या 3.51 पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये पडद्यावरच्या खिडक्या आणि चित्रे सांभाळण्याचे काम कर्नलबाहेरच्या एका स्वतंत्र प्रोसेसकडे, म्हणजे वेगळ्या चालू प्रोग्रामकडे, होते. काहीही उमटवायचे झाले की प्रत्येक प्रोग्रामला तिच्याकडे विनंती पाठवावी लागे. त्यात वेळ जाई आणि त्या काळी महाग असलेली मेमरीही खर्ची पडे. 1996 च्या एनटी 4.0 मध्ये हे काम, ग्राफिक्स कार्ड आणि प्रिंटर यांच्या ड्रायव्हरांसह (ती उपकरणे चालवणाऱ्या प्रोग्रामांसह), कर्नलमध्ये हलवण्यात आले. समर्थकांचा युक्तिवाद असा होता की ती प्रोसेस कोसळली तरी यंत्र वापरण्यालायक राहत नव्हतेच, तेव्हा मधली भिंत नावापुरतीच होती. हा युक्तिवाद चुकीचा नाही, पण अपुरा आहे. बाहेरचा प्रोग्राम चुकला तर स्वतःपुरता मरतो. कर्नलमधला ड्रायव्हर चुकीच्या पत्त्यावर लिहितो तेव्हा तो फाइल सिस्टिमची किंवा दुसऱ्याच ड्रायव्हरची मेमरी बिघडवू शकतो, आणि पडद्यावर नाव येते ते निरपराधाचे. एकाच संगणकावर आज एक स्टॉप कोड (पडद्यावरचा बिघाडाचा क्रमांक), उद्या दुसरा आणि परवा तिसऱ्याच फाइलचे नाव दिसते, त्यामागे सदोष रॅमइतकेच हेही कारण असू शकते. एक्सपीच्या काळात नोंदवल्या गेलेल्या बिघाडांपैकी सुमारे 85 टक्के बिघाडांचे खापर ड्रायव्हरांवर फुटले होते, हे पाहता वेगासाठी मोजलेली किंमत लहान नव्हती, आणि ती निर्णय घेणाऱ्यांपेक्षा घरच्या वापरकर्त्यांनी अधिक मोजली.

आपल्याकडे या किमतीत स्थानिक भर पडली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेले संगणक, लोडशेडिंगच्या वर्षांतला विजेचा लपंडाव, स्वस्तातला एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) आणि त्याच सुमारास जगभर गाजलेले सदोष कपॅसिटर, ज्यांचे सपाट टोपण फुगून वर येई आणि कधी त्यातून तपकिरी द्रव पाझरे. कारागीर रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोके खोडरबराने घासत. संपर्काचा दोष असेल तर त्याने गुण यायचाही. एरवी ‘फॉरमॅट मारला’ जाई आणि नेमका पुरावा पुसला जाई. तो पुरावा विंडोजच्या मिनीडम्प या फोल्डरमध्ये असतो: 32 बिटच्या प्रणालीत अवघ्या 64 केबीच्या फाइलमध्ये स्टॉप कोड, त्याचे चार तपशील आणि त्या क्षणी लोड झालेल्या ड्रायव्हरांची यादी. एक्सपीमध्ये बिघाडानंतर आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय मुळातच चालू ठेवलेली असल्याने कित्येकांना पडदा धड वाचताही आला नाही.

एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टाने, म्हणजे दहा वर्षांनी, 1996 चा निर्णय अंशतः फिरवला. प्रिंटरच्या ड्रायव्हरांना विंडोज 2000 पासून कर्नलबाहेर राहण्याची मुभा होतीच. आता आत येण्यास मज्जाव झाला. ग्राफिक्स ड्रायव्हरचा मोठा हिस्सा बाहेर आला, आणि ग्राफिक्स चिपने दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही तर फक्त ड्रायव्हर पुन्हा सुरू करण्याची सोय झाली. ती फसली तर 116 क्रमांकाचा स्टॉप कोड येतो. 124 क्रमांकाचा कोडही तेव्हापासूनचा; तो हार्डवेअरनेच कळवलेल्या दोषाचा असल्याने तिथे आधी उष्णता, वीजपुरवठा आणि ओव्हरक्लॉकिंग (चिप ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) तपासणे श्रेयस्कर ठरते. तरीही नवे ड्रायव्हर कच्चे होते: 2007 मधील नोंदींनुसार व्हिस्टाच्या बिघाडांपैकी सुमारे 29 टक्के एकाच ग्राफिक्स चिप उत्पादकाच्या वाट्याला आले.

19 जुलै 2024 रोजी एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे सुमारे 85 लाख संगणक निळे पडले आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते सॉफ्टवेअर मुख्यतः संस्थांमध्ये वापरले जात असल्याने घरचे संगणक बहुतांशी बचावले, पण कर्नलमध्ये कोणाला बसू द्यायचे हा जुना वाद त्याने पुन्हा उकरला. 2025 मध्ये विंडोज 11 चा पडदा काळा झाला आणि सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलबाहेर चालवण्याची चाचणी सुरू झाली. घरी मात्र काही ऑनलाइन खेळांबरोबर येणारे, फसवेगिरी पकडणारे ड्रायव्हर अजून आतच बसलेले असतात, आणि खेळ सुरू करताना परवानगीच्या चौकटीवर ‘होय’ म्हणणाऱ्या मुलाला त्याची सहसा कल्पना नसते.