गेट बँकेला विचारतच नाही

पुण्याचं सिव्हिल कोर्ट मेट्रो स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे. तिथे मोबाइलची रेंज गेली तरी मेट्रो कार्ड टेकवलं की गेट उघडतं. गंमत म्हणजे रेंज फुल असली, तरी ते गेट तुमच्या बँकेला काही विचारत नाही. संध्याकाळच्या गर्दीत माणशी दोन-तीन सेकंद बँकेच्या उत्तराची वाट बघायची म्हटलं, तर रांग जिन्यापर्यंत जाईल.

किराणा दुकानातलं मशीन विचारतं: खात्यात पैसे आहेत का? मेट्रोचं 'नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड' २०१९ मध्ये आलं, त्यात थोडी शिल्लक चिपमध्येच नोंदलेली असते. आत शिरताना गेट त्या चिपवर स्थानकाची नोंद करतं, बाहेर पडताना भाडं वजा करतं. हिशेब बँकेपर्यंत मागाहून, गठ्ठ्याने जातो.

कार्डात बॅटरी नसते. प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये तारेचे बारीक वेढे असतात. गेटमधून १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र निघतं, त्याने वेढ्यांत वीज तयार होते आणि तेवढ्यावर चिप जागी होते. कार्ड अगदी जवळ न्यावं लागतं ते यासाठीच.

मग बनावट कार्ड कसं पकडायचं? गेट चिपला दर वेळी एक नवाच आकडा देतं. चिप आपल्या गुप्त किल्लीने त्यावर सही करते. ही किल्ली चिपबाहेर कधीच येत नाही. सही तपासायची उघड किल्ली (जिने सही तपासता येते, करता येत नाही) चिपच गेटला देते, आणि ती खरी आहे का हे गेट स्वतःकडे आधीपासून असलेल्या मूळ उघड किल्लीने तपासतं. कालचं उत्तर कुणी चोरून ठेवलं तरी आज आकडा वेगळा, त्यामुळे ते कुचकामी. मला यातला हा भाग सगळ्यात देखणा वाटतो.

चिपमधल्या पैशांना पिन नाही. कार्ड हरवलं, की ते पैसे रस्त्यात पडलेल्या नोटेसारखे. म्हणूनच त्या शिल्लकेला साधारण दोन हजारांची मर्यादा आहे.

आणि रिचार्ज? ॲपमधून दोनशे रुपये भरले, बँकेचा मेसेजही आला. गेट मात्र 'शिल्लक अपुरी' म्हणून अडून बसतं. मागचे लोक चुकचुकतात. पैसे गेलेले नसतात, ते अजून सर्व्हरवरच असतात. चिपमध्ये उतरवायला खिडकीवर किंवा टॉप-अपच्या मशीनवर कार्ड टेकवावं लागतं, आणि तेवढ्यापुरतं नेटवर्क लागतंच.